आठ इंची दुर्बीण

डार्करूममधला, फोटो मोठे करायचा जुना एन्लार्जर एका हौशी माणसाने दिवाणखान्यात शोभेसाठी म्हणून विकत नेला, त्या दुपारी बाबांनी पलंगावर बसल्या बसल्या जाहीर केलं की आलेल्या पैशांत आता दुर्बीण घ्यायची. आणि घ्यायची तर आठ इंचीच घ्यायची.

"आठ इंच लांब?" आईने विचारलं. ती पायथ्याशी बसून दिवसभराच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत लावत होती.

"आठ इंच लांब म्हणजे लाटणं झालं," बाबा म्हणाले. "आत आरसा असतो, तो आठ इंची. नळी उभी केली तर तुझ्या खांद्याला लागेल."

"आणि एवढी अवजड ठेवायची कुठे?"

"गच्चीवर. अजून कुठे?"

आईचा हात डबीवरच थांबला. तिने मुलीकडे पाहिलं. मुलगी दाराशी उभी राहून स्टुडिओच्या किल्ल्या उगाच या बोटातून त्या बोटात फिरवत होती. कुणीच काही बोललं नाही, आणि बाबांना ते संमतीसारखं वाटलं असावं, कारण ते उशीला टेकले आणि डोळे मिटून हसले.

पुढे रस्त्याला लागून स्टुडिओ, मागे राहायच्या दोन खोल्या, आणि बाजूने तीन मजले चढून गेलं की गच्ची. बाबांचं उभं आयुष्य या एवढ्याशा जागेत गेलं होतं. गल्लीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, सगळे फोटोवालेच म्हणत. गेल्या पावसाळ्यात दुकानात उभ्या उभ्या त्यांना दरदरून घाम फुटला, ते काउंटरला धरून खाली बसले, आणि तेव्हापासून स्टुडिओ मुलीकडे आला. तशी ती आधीपासून मदतीला असायचीच. चाळिशी उलटली होती, लग्न जमता जमता राहिलं होतं, मग घरात तो विषय कुणी काढेनासं झालं. किल्ल्या तिच्या हातात देताना बाबांनी तिला 'मॅनेजर' अशी हाक मारली, आणि तेच नाव पडलं.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते दवाखान्याच्या बोळात सांगितलं, फक्त या दोघींना. हृदय थकलंय, औषधाने जेवढं ओढता येईल तेवढं ओढू. हिवाळा निघेल, पुढचं आपल्या हातात नाही. आणि जिना अजिबात नको, एक मजलासुद्धा नको. आईने तेव्हा मुलीचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की काकणाचा वळ उठला. "यांना कळता कामा नये," एवढंच ती म्हणाली. बाबांना सांगितलं गेलं की अशक्तपणा आहे, विश्रांती घ्या.

दुर्बिणीचं वेड मात्र आजचं नव्हतं. तरुणपणी, स्टुडिओ नवा होता तेव्हा, बाबांनी कॅमेरा गच्चीच्या कठड्यावर ठेवून देवयानी दीर्घिकेचा फोटो काढायचा खटाटोप केला होता. फिल्म धुतल्यावर तांदळाच्या कणीएवढा एक पांढुरका डाग आला. तो त्यांनी मोठा करून दुकानात लावला आणि येईल त्याला सांगायला लागले, की ही आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी आकाशगंगा आहे. लोक मान डोलवत आणि बाहेर पडल्यावर म्हणत, औषध सांडलंय कागदावर, पण फोटोवाल्यांना कोण बोलणार. तेव्हापासून दुर्बीण घ्यायची, घ्यायची, असं चाललं होतं. एका वर्षी छत गळलं. मग मुलीचं शिक्षण आलं. मग फिल्मचे दिवस गेले आणि सगळी यंत्रं नव्याने घ्यावी लागली. दुर्बीण दर खेपेला मागच्या बाकावर जाऊन बसायची.

"थंडी आहे तोवर आकाश स्वच्छ आहे," बाबा संध्याकाळी म्हणाले. "मी जरा उभा राहायला लागलो की जातो वर. एकेक पायरी. मध्ये खुर्ची ठेवू, दम खाऊ."

"फोटो काढता येतील अशी बघू का?" मुलीने हळूच विचारलं. "आपला कॅमेरा आहेच."

"फोटो खूप काढले मॅनेजर. आता बघायचंय. या डोळ्याने."

स्वयंपाकघरात आईने नळ सोडून ठेवला, पाण्याच्या आवाजात बोलता यावं म्हणून.

"आण ती मोठी," ती म्हणाली.

"आणून करायचं काय? गच्चीवर कोण नेणार यांना? ती त्या खोलीत कोपऱ्यात उभी राहील, आणि रोज त्यांच्या डोळ्यांसमोर."

"राहू दे की. माणसाला उद्याचं म्हणून काहीतरी लागतं. मी रोज देवाजवळ दुसरं काही मागत नाही. मागायचं ते मागून झालं. आता एवढंच म्हणते, यांचं मन शेवटपर्यंत मोडू नकोस. ते तूच मोडणार असशील तर देव तरी काय करेल?"

"आणि उद्या उठून म्हणाले, चला वर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"आई, तेव्हा आपण काय बघणार आहोत?"

आईने नळ बंद केला. म्हणजे बोलणं संपलं.

दुर्बिणीचं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला, विजेच्या सामानाच्या दुकानाच्या वर होतं. नव्या वस्तू थोड्या, जुन्या फार. दुकानदार गोल अंगाचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. भिंतीवर 'वस्तूंना हात लावू नये' अशी पाटी होती आणि तो स्वतः येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होता, हात लावून बघा हो, त्याशिवाय कळायचं कसं.

मुलीची नजर एका चकचकीत खोक्यावर गेली. त्यावर रंगीत ग्रहांची चित्रं होती आणि 'सहाशे पट मोठे दिसते' असं ठळक छापलेलं होतं. किंमतही हलकी होती.

"ती घेऊ नका," दुकानदार म्हणाला. "सहाशे पट दिसतं, पण काय दिसतं ते विचारू नका. स्टँड असा की शेजारी कुणी खोकलं तरी चंद्र पळून जातो."

"मग ठेवलीय कशाला?"

"लोक तीच मागतात ताई. मलाही पोट आहे, दिसतंच आहे तुम्हाला."

तिने आठ इंचीचं नाव काढताच त्याचा चेहरा उजळला. कोपऱ्यात एक जाड पांढरी नळी लाकडी खोक्यात उभी होती. कुणीतरी परदेशी जाताना विकून गेलेली. त्याने ती एका बोटाने ढकलली आणि ती लोण्यात फिरावी तशी फिरली.

"पावसात तांब्या ठेवला आणि पिंप ठेवलं, तर पाणी कशात जास्त साचेल? पिंपात. ही तसली. उजेड साठवते. डोळ्याला हिच्यासारखं सुख नाही. साधी आहे, बिघडायला काही नाहीच. पण कॅमेरा लावून तारे टिपायचे म्हणाल तर हिचा नाद सोडा. चंद्राचा फोटो मोबाइल टेकवून निघेल. बाकी आकाश सारखं सरकत असतं आणि ही आपली हाताने ढकलावी लागते."

"आणि फोटोसाठी?"

त्याने फळीवरून एक आखूड नळी काढली, पाण्याच्या बाटलीपेक्षा थोडी मोठी. मग टेबलाखालून एक जड लोखंडी स्टँड ओढला. त्याच्या मानेशी छोटी मोटर होती. "नळीकडे बघू नका. खरी वस्तू हा स्टँड. हा आकाशाच्या चालीने फिरतो. फोटोत आधी स्टँड, मग नळी. लोक उलटं करतात आणि मग माझ्या नावाने बोटं मोडतात. एका दमात फोटो निघत नाही. छोटे छोटे पुष्कळ काढायचे, कॉम्प्युटर ते एकावर एक रचतो, मग कुठे पुसट वस्तू वर येते. तुमचा कॅमेरा याला एका कडीने बसेल, कडी मी देतो." मग तिने सांगितलेली रक्कम त्याने मनात घोळवली आणि मान हलवली. "दोन्ही बसायची नाहीत. एक काहीतरी. बघणार कोण?"

"वडील."

"गच्ची आहे ना? जातात वर?"

मुलगी मोठ्या नळीच्या तोंडाशी वाकली. तळाशी आरसा होता, आणि त्यात तिचाच एक भला मोठा डोळा तिच्याकडे पाहत होता. लोकांना रोज 'हनुवटी जरा खाली, डोळे उघडे' म्हणणारी ती, पण स्वतःचे डोळे इतके सुजलेत हे तिला आज कळलं.

"ही लहान घेतली," ती तशीच वाकून म्हणाली, "तर खाली पलंगावर असलेल्या माणसाला आकाश दिसेल?"

दुकानदाराने दोरीचा चष्मा काढून हातात घेतला. "दिसेल. फोटोतून, उशिराने, पण दिसेल. मग तर प्रश्नच मिटला."

"मिटला नाही. त्यांनी मोठी सांगितलीय. वर येणार म्हणतात."

"मग ताई मी काही बोलत नाही," तो चष्मा पुसत म्हणाला. "हा दुर्बिणीचा प्रश्न नाही."

त्याने तिला स्टूल दिलं, खालून चहा मागवला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला सामोरा गेला. ती चहाचा पेला धरून बसून राहिली. मोठी नेली तर घरात आनंद होईल, आईच्या मनासारखं होईल, बाबा नळीवरून हात फिरवतील. आणि मग ते उभं राहायची वाट बघतील. रोज सकाळी विचारतील, आज बरं वाटतंय का मला? आणि त्यांना हळूहळू, एकट्याने, त्या नळीकडे बघत कळत जाईल. लहान नेली तर आजच कळेल, आणि सांगणारी ती असेल. चहा गार झाला. तिने देवाचं नाव घेतलं आणि लहान नळीवर हात ठेवला.

घरी बाबांनी दाढी करून घेतली होती. आईने इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दिला होता. पलंगाजवळचा कोपरा झाडून रिकामा केला होता, तिथली पेटी उचलून स्वयंपाकघरात गेली होती. रिक्षातून खोकी उतरली तसे बाबा दाराकडे बघत राहिले.

"बाकीची मागून येतेय का?"

"नाही बाबा. एवढीच."

त्यांनी खोकं मांडीवर घेतलं. त्यांना मदत केलेली आवडत नसे, म्हणून ती बघत उभी राहिली. त्यांनी नळी बाजूला ठेवली आणि सरळ स्टँडच्या मानेला हात घातला. मोटर चाचपली, दातेरी चाक बोटाने फिरवून पाहिलं. यंत्र ओळखायला त्यांना वेळ लागत नसे.

"फोटोची आणलीस."

"हो."

"आठ इंची नव्हती?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती, आणि आई मागून डोळ्यांनी तेच सांगत होती.

"होती," मुलगी म्हणाली.

बाबांनी चाक आणखी एकदा फिरवलं. "जिन्याचं डॉक्टर काय म्हणाले?"

"अहो, काही नाही म्हणाले," आई पुढे आली. "तुम्ही आधी दूध घ्या, निवतंय."

"तुला नाही विचारलं. मॅनेजरला विचारतोय."

"एक मजलाही नको म्हणाले."

"किती दिवस नको?"

मुलीने मोटरचं झाकण उचललं आणि स्क्रू बसवायला लागली. स्क्रू आट्यात बसेना. बाबा तिच्या बोटांकडे बघत राहिले, आणि त्यांना जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं.

"बरं," ते म्हणाले. मग शर्टाची बटणं एकेक करून काढायला लागले. "हा घडी घालून ठेव गं. दवाखान्यात जाताना होईल."

आईने शर्ट घेतला. स्वयंपाकघरात जाता जाता मुलीजवळ ती म्हणाली, "मोडलंस," आणि त्यानंतर तिने मुलीशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण शब्द नाही. प्रार्थनेला ती आता जास्त वेळ बसू लागली, आणि तिच्या पाठीकडे बघून मुलीला वाटायचं, त्या प्रार्थनेत आपलं नाव कसं घेतलं जात असेल.

दुकान बंद केल्यावर मुलगी स्टँड खांद्यावर टाकून वर जायची. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. वर काय चाललंय ते विचारत नव्हते. देवयानी कुठे शोधायची ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं, ते त्यांनीच शिकवलं होतं, पण फोटो काही केल्या धड येईना. एका संध्याकाळी ती मुद्दाम लॅपटॉप घेऊन पलंगाच्या कडेला बसली. बाबांची पाठ तिच्याकडे होती. बऱ्याच वेळाने ती पाठ थोडी हलली.

"हे काय, पाऊस काढलास?"

"तारे आहेत."

"ताऱ्यांना शेपट्या फुटल्यात. स्टँड ध्रुवाकडे लावला होतास?"

"हो."

"कशावरून?"

"मोबाइलच्या होकायंत्रावरून."

"मोबाइल कुठे ठेवला होता?"

"कठड्यावर," ती म्हणाली. कठडा लोखंडी होता.

बाबा कुशीवर वळले. किती दिवसांनी त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं होतं. "लोखंडावर होकायंत्र ठेवणारी माझी मॅनेजर. अगं, सगळं आकाश ध्रुवाभोवती फिरतं, तो डोळ्याने शोध."

"शेजारच्यांची पाण्याची टाकी आड येते."

"मग टाकी हलणार आहे का? तू हल."

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. मुलगी वर, बाबा खाली, आणि फोन धरायला आई, कारण फोन जास्त वेळ धरला की बाबांचा हात थरथरायचा. फोनचा आवाज मोठा असल्याने मुलीला दोघंही स्वच्छ ऐकू येत, तरी आई प्रत्येक वाक्य पुन्हा सांगायची.

"तिला म्हणावं, स्टँडचा तिसरा पाय जरा उचल."

"हे म्हणतात, तिसरा पाय उचल."

"उचलला."

"उचलला म्हणते."

"मला ऐकू येतंय गं. बहिरा नाही झालो अजून."

"हे म्हणतात, बहिरा नाही झालो."

मुलगी थंडीत एकटी हसायची. आई तिच्याशी बोलत नव्हती, ती बाबांचं बोलणं पोचवत होती. पण आवाज तरी कानावर येत होता.

बाबा त्या दिवसांत पुन्हा फोटोवाले झाले होते. दुपारी झोपेतून उठले की विचारायचे, आज ढग आहेत का? पाय सुजायला लागले होते, एका उशीच्या तीन उशा झाल्या होत्या, बोलताना वाक्य मध्येच ठेवून दम घ्यावा लागे. पण फोकस कसा तपासायचा, नळी दवाने ओली होऊ नये म्हणून कागदाची गुंडाळी कशी बांधायची, हे ते तुकड्या तुकड्यांनी सांगत राहिले.

आणि एका संध्याकाळी तारे शेपट्यांशिवाय आले. टोकदार, टिंबासारखे. मधोमध तिरकी, उजळ पोटाची देवयानी.

सकाळी दुकान उघडल्यावर मुलीने गिऱ्हाइकांच्या अधेमध्ये फोटो रचायला घेतला. पासपोर्टवाले येत होते, जात होते. त्यांच्या गालावरचे फोड, कपाळावरची चमक, शर्टावरचा धागा, ती रोजच्यासारखी पुसत होती. त्याच हाताने ती आकाशाकडे वळायची. कॅमेऱ्याने टाकलेले लाल-निळे चुकार ठिपके होते, ते पुसले. बाजूला एक धूसर डाग होता, तो पुसला. शेवटी दुकानातल्या सर्वांत मोठ्या कागदावर प्रिंट काढली, वाळू दिली, आणि दुपारी पलंगावर बाबांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी जुनं भिंग मागितलं. बराच वेळ ते कागदावर वाकून होते. आईसुद्धा मागे येऊन उभी राहिली.

"सोबतीण कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कोण सोबतीण?"

"हिच्या शेजारी एक लहान दीर्घिका असते. पुस्तकातल्या चित्रात आहे. पुसट, लांबट. इथे." त्यांनी नख टेकवलं. तिथे काळं, स्वच्छ, गुळगुळीत आकाश होतं.

मुलीला आठवलं. तिथे एक धूसर डाग होता. काचेवर बोट लागलं असेल असं तिला वाटलं होतं. सकाळी एका आजोबांच्या गालावरचा डाग ती पुसत होती, त्याच बैठकीत तिने हाही पुसला होता.

"मी काढला बाबा. मला डाग वाटला."

बाबा हसायला लागले. हसताना खोकला आला, आईने पाठ चोळली, तरी ते हसतच होते. "पंचवीस लाख वर्षं चालत आला तो उजेड. बिचारा दारात पोचला, आणि तू हाकलून दिलास. पासपोर्ट फोटो केलास तिचा."

आईही हसली. मग आपण मुलीसमोर हसलो हे लक्षात येऊन तिने पाण्याचा पेला उचलला आणि आत गेली.

मूळ फोटो शाबूत होते. मुलीने सगळं पुन्हा केलं, या वेळी कशालाही हात न लावता, आणि दुसरी प्रिंट घेऊन आली. बाबांनी नख टेकवलं, सोबतीण जागेवर होती. त्यांनी ती प्रिंट भिंतीवर लावू दिली नाही, उशाशी ठेवली, अधूनमधून उचलून बघत. एकदा ती त्यांच्या पायांना तेल लावत होती. ते प्रिंटकडे बघता बघता म्हणाले, "चांगला फोटो आहे. मी आयुष्यात असा काढला नाही."

तिने तेलाची वाटी जवळ ओढली.

"पण मॅनेजर, फोटो म्हणजे शेवटी दुसऱ्याने पाहिलेलं." त्यांनी दम घेतला. "तुझ्यावर राग नाही हां. तू केलंस ते बरोबर केलंस. मी आपलं म्हणून ठेवलं."

तिने मान खाली घालून तेल चोळणं चालू ठेवलं. सुजलेल्या पायात बोट रुतलं की खळगा पडायचा आणि तो लवकर भरायचा नाही.

हिवाळा निघेल म्हणाले होते डॉक्टर, तो पुरता निघालाही नाही. एका सकाळी आई प्रार्थनेला बसली असताना बाबा गेले. आईने डोळे उघडले, वळून पाहिलं, आणि हाक मारली नाही. उठून त्यांच्या छातीवरची चादर सारखी केली आणि मग दुकानात येऊन मुलीजवळ उभी राहिली. गिऱ्हाईक बसलं होतं. मुलीने तिच्याकडे पाहिलं आणि कॅमेरा खाली ठेवला.

माणसं आली, गेली. फोटोवाल्यांनी कुणाकुणाच्या लग्नाचे फोटो काढले होते ते सगळे येऊन सांगून गेले. मग घर पुन्हा दोघींचं झालं, आणि त्यातही बोलणं थोडंच होतं. आई आता रागावलेली नव्हती, पण गप्प राहायची सवय लागलेली होती.

एका संध्याकाळी दुकान बंद करून मुलगी मागे आली, तर आई शाल पांघरून, चपला घालून बसलेली.

"ते यंत्र वर आहे अजून?"

"झाकून ठेवलंय."

"चल."

आईचे गुडघे दुखरे. प्रत्येक मजल्यावर ती पायरीवर बसली. मुलगी वरच्या पायरीवर थांबून राहिली. गच्चीवर पोचल्यावर आईने चहूकडे असं पाहिलं, जणू ती या घरात पहिल्यांदाच आली आहे. कपडे वाळत घालायला रोज येत होती, पण ते उन्हात.

मुलीने कॅमेरा काढला, डोळ्याची भिंगनळी बसवली. देवयानी आता मावळतीकडे झुकली होती, समोरच्या घरांच्या वर जेमतेम हातभर. ती शोधून मुलीने मोटर चालू केली आणि आईला खुर्ची दिली.

"इथे डोळा लाव. हात टेकू नको."

आई वाकली.

"धुरासारखं काहीतरी आहे."

"तेच."

"एवढंच?"

"डोळ्याने यातून एवढंच दिसतं."

"आणि त्या मोठीतून?"

"जरा जास्त."

"म्हणजे किती?"

मुलीने विचार केला. "जरासंच. शहराचा उजेड आहे ना. पण जास्त."

आईने डोळा काढला नाही. शालीचं टोक खांद्यावरून घसरलं, ते मुलीने सारखं केलं. खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं.

"मोठी आणली असतीस," आई म्हणाली, "तर हे एक दिवस चढलेच असते. कुणाचं ऐकलं नसतं."

मुलगी थांबली. पुढे काही येईल म्हणून. आईच्या आवाजात राग नव्हता, समजूतही नव्हती. एखाद्याचा स्वभाव सांगावा तसं तिने ते सांगितलं होतं. म्हणजे ते जिन्यातच गेले असते असं तिला म्हणायचं होतं, की इथे खुर्चीत बसून डोळा लावून त्यांनी पाहिलं असतं असं म्हणायचं होतं, हे मुलीला कळेना. विचारायचा धीरही झाला नाही. विचारलं असतं तरी आईलाही ते सांगता आलं असतं असं नाही.

"आई, थंडी वाढतेय. जाऊ या?"

"थांब जरा," आई म्हणाली. "अजून आहे ते."

मोटर बारीक आवाजात चालू होती. मुलगी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. समोरच्या घराच्या कडेमागे ते पुसट उतरेपर्यंत आईने डोळा हलवला नाही, आणि उतरल्यानंतरही थोडा वेळ तशीच वाकून बसून राहिली.